चादरी बदल खुशाल, पण कुठल्या व्हिसावर ते आधी बघ

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

ताई, मी २७ वर्षांची. भांडुपला आईबरोबर राहते. सप्टेंबरअखेर सध्याची नोकरी सोडतेय, नवी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होईल. मधले ऑक्टोबर-नोव्हेंबर व्हिएतनामच्या किनाऱ्यावर, होई आनला राहायचं मनात आहे. तिथल्या एका हॉस्टेलशी बोलणं झालंय. आठवड्याला २५ तास काम, म्हणजे रिसेप्शन, चादरी बदलणं, सकाळचा नाश्ता मांडणं. बदल्यात डॉर्ममध्ये एक बेड आणि नाश्ता. उरलेल्या वेळात दा नांग, हुए, सगळा किनारा फिरायचा. हॉस्टेलवाला म्हणतो, टुरिस्ट व्हिसा काढ, विमानतळावर विचारलं तर फिरायला आले म्हणून सांग, सगळे असंच करतात. माझ्याकडे सव्वा लाख रुपये साठलेत. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. आई म्हणाली, ‘परक्या देशात जाऊन लोकांच्या चादरी बदलायच्या? आणि तिकडे नोकरीच्या नावाखाली मुलांना कोंडून ठेवतात, बातम्या बघत नाहीस का?’ तेव्हापासून ती या विषयावर बोलतच नाही. ग्रुप टूरला जातेय असं सांगून निघू का? मुळात जाणं बरोबर आहे का?
किनारवेडी, भांडुप

प्रिय किनारवेडी,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. जाणं बरोबर आहे. गाठीला स्वतःच्या कमाईचे पैसे, पुढची नोकरी पक्की आणि मधे तीन महिने मोकळे, असा योग पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. तेव्हा जा. पण ज्या बेताने तू निघाली आहेस तो बेत मला पटलेला नाही. त्यात तुला दोन जणांशी खोटं बोलायचंय, विमानतळावरच्या अधिकाऱ्याशी आणि आईशी. शिवाय तू निवडलेलं गाव आणि निवडलेले महिने यांचं आपसात जुळत नाही.

आधी व्हिसाचं बघू, कारण सगळ्यात मोठा धोका तिथे आहे.

भारतीयांना व्हिएतनामचा ई-व्हिसा मिळतो. ऑगस्ट २०२३ पासून तो जास्तीत जास्त ९० दिवसांचा असतो, एकदा प्रवेशाचा २५ डॉलर आणि अनेकदा प्रवेशाचा ५० डॉलर. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करायचा. तसेच दिसणारे एजंटांचे पुष्कळ पत्ते आहेत आणि ते दुप्पट-तिप्पट पैसे उकळतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट व्हीएन’ आहे ना, एवढं नीट बघ. हा व्हिसा पर्यटनासाठी घेतलास की त्यावर काम करता येत नाही. हातात रोख पगार पडत नाही म्हणून ते काम ठरत नाही, असा समज करून घेऊ नकोस. बेड आणि नाश्ता हा मोबदलाच आहे, आणि ठरलेल्या तासांना ठरलेलं काम करणाऱ्या परदेशी माणसाकडे तिथला अधिकारी कामगार म्हणूनच बघू शकतो. परवान्याशिवाय काम करणाऱ्या परदेशी माणसाला दंड करून देशाबाहेर काढण्याची तरतूद त्यांच्या कायद्यात आहे. ज्या संकेतस्थळांवर अशी हॉस्टेलं सापडतात, त्या वर्कअवेसारख्या ठिकाणी आठवड्याला साधारण २५ तासांचीच रीत आहे. तुझ्या हॉस्टेलवाल्याने तो आकडा तिथूनच घेतला असावा. पण योग्य व्हिसा काढण्याची जबाबदारी ही संकेतस्थळंही येणाऱ्यावरच ठेवतात.

‘सगळे असंच करतात’ हे त्याचं म्हणणं खरंच आहे. बहुतेक जण पकडले जात नाहीत, हेही खरं. पण हे ‘सगळे’ कोण आहेत ते बघ. रील्समध्ये हॉस्टेलच्या गच्चीवर कॉफी पिणारी, एका देशातून दुसऱ्या देशात हुंदडणारी ती मुलं बहुतेक युरोपातली, ऑस्ट्रेलियातली, अमेरिकेतली असतात. त्यांच्यातल्या एखाद्याला व्हिएतनाममधून परत पाठवलं, तर पुढच्या महिन्यात तो व्हिसाशिवाय आणखी कुठल्यातरी देशात उतरू शकतो. तुझा पासपोर्ट भारताचा आहे. तुला जवळजवळ प्रत्येक मोठ्या देशासाठी अर्ज भरावा लागणार, आणि अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या सगळ्यांच्या अर्जांत प्रश्न असतो: तुम्हाला कधी कुठल्या देशातून काढून लावलंय का, प्रवेश नाकारलाय का? त्या रकान्यात ‘हो’ लिहावं लागलं तर पुढे कंपनीने कामासाठी पाठवायचं ठरवलं तरी तुझी फाइल अडकेल. खोटं ‘नाही’ लिहिलंस तर त्याहून वाईट. त्यांची चूक आणि तुझी चूक एकच असली तरी किंमत वेगवेगळी पडते. हे अन्यायाचं आहे, मला त्याचा राग येतो, पण तुझा सल्ला मला आजच्या पासपोर्टवर द्यायचा आहे.

हॉस्टेलवाल्याचं वागणंही बघ. चूक पकडली गेली तर तुझं काय होईल हे त्याने सांगितलं नाही. काय बोलायचं तेवढं शिकवलं. व्हिएतनाममध्ये परदेशी पाहुणा राहायला आला की हॉटेलने, हॉस्टेलने, घरमालकानेसुद्धा त्याची नोंद पोलिसांकडे करायची असते. पाहुण्यांची नोंद सगळे करतात. पण काम करणाऱ्यांना मागच्या खोलीत ठेवून त्यांची नोंदच केली नाही, तर कायद्याच्या लेखी तू त्या गावात राहतच नसतेस. उद्या ताप आला, सामान चोरीला गेलं, कुणी त्रास दिला, तर पोलिसांत जायचीही चोरी. परगावी एकट्या राहणाऱ्या मुलीने स्वतःला अशा जागी ठेवू नये.

आता पैशांचं बघ. तिकडे डॉर्ममधला बरा बेड रात्रीला साधारण सहा ते दहा डॉलरांना, म्हणजे पाचशे ते नऊशे रुपयांना मिळतो. सातशे धरले तर महिन्याचे एकवीस हजार. त्यासाठी महिन्याभरात तू शंभराहून जास्त तास राबणार. म्हणजे तासाला दोनशे रुपयांच्या आसपास तुझा वेळ विकलास, आणि तोही अशा ठिकाणी, जिथला एकेक तास समुद्रावर घालवायला तू तिकीट काढून गेलीस. युरोपात हेच गणित वेगळं असतं. तिथे बेड महाग, म्हणून काम करून राहणाऱ्याचे बरेच पैसे वाचतात. व्हिएतनाममध्ये वाचतात ते इतके थोडे, की त्यासाठी एवढी जोखीम घ्यायचं कारण नाही. सव्वा लाखात विमानाचं तिकीट, विमा, महिन्याभराचा बेड आणि जेवणखाण आरामात बसतं. दोन महिने मात्र ओढाताण होईल.

आणखी एक गोष्ट मला बोलायचीच आहे. कुलाब्यातल्या एखाद्या हॉस्टेलने उद्या ठरवलं की चादरी बदलायला, नाश्ता मांडायला परदेशी मुलं फुकटात मिळतात, तर काम कुणाचं जाईल? वडाळ्याहून, मानखुर्दहून सकाळची लोकल पकडून येणाऱ्या बाईचं. होई आनमध्येही ती बाई आहेच. मोठ्या हॉस्टेलांनी पगारी माणसाच्या जागी फिरस्ती मुलं नेमावीत, हे मला पटत नाही. याचा अर्थ असं काम कुठेच करू नये असा नाही. छोटं, घरच्यांनी चालवलेलं ठिकाण असेल, तू तिथल्या माणसांना जे येत नाही ते करून देणार असशील आणि कायद्याने तुला मुभा असेल, तर मी स्वतः तुला जा म्हणेन. थोड्या वेळाने तिकडेच येते.

आता महिन्यांची गोष्ट. तुझ्या मनात असणार की आपल्याकडे पाऊस संपला, ऑक्टोबर हीट सुरू झाली, तर किनाऱ्यावर जायला हाच काळ चांगला. मुंबईचा पाऊस नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा, तो सप्टेंबरअखेर आवरतं घेतो. व्हिएतनामच्या मधल्या किनाऱ्यावर खरा पाऊस त्यानंतर येतो. ईशान्येकडचे वारे दक्षिण चिनी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, किनाऱ्यामागच्या त्रुओंग सोन डोंगररांगेला अडतात आणि तिथेच कोसळतात. त्यात वादळांचाही तोच हंगाम. हुए, दा नांग, होई आन यांचे सगळ्यात ओले महिने ऑक्टोबर आणि नोव्हेंबर. होई आनचं जुनं गाव थू बोन नदीच्या काठावर, सखल भागात आहे, आणि नदी गल्ल्यांत शिरणं तिथे नवलाचं नाही. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर तर हुएजवळच्या बाख मा डोंगरावर चोवीस तासांत १७०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि होई आनच्या रस्त्यांवर होड्या चालल्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता. तू तेव्हा लहान असशील, पण आईला विचार, भांडुपला त्या रात्री काय झालं होतं ते. त्याच्या जवळजवळ दुप्पट आकडा आहे हा. होई आन पाहायचंच असेल तर फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये जा. कंदील, नदी, जुनी लाकडी घरं सगळं कोरड्या हवेत दिसेल. जवळच मी सोन या ठिकाणी चाम राजांनी, म्हणजे त्या किनाऱ्यावरच्या जुन्या हिंदू राज्याच्या राजांनी, बांधलेली शिवमंदिरं आहेत. तिथे आपल्या पुरातत्त्व खात्याने जीर्णोद्धाराचं काम केलं आणि २०२० मध्ये नवव्या शतकातलं एकसंध दगडाचं शिवलिंग उकरून काढलं. हे सगळं पुढच्या सुट्टीसाठी ठेव. पळून जात नाही.

तुझ्या तारखांमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे दिवाळी. तुझ्या दोन पानी पत्रात दिवाळीचा शब्दही नाही. आईनेही काढला नसेल. बाबांना जाऊन दोनच वर्षं झाली. घरात दोघीच. आई चादरींवरून बोलली, बातम्यांवरून बोलली. लक्ष्मीपूजनाला मी एकटीच दिवा लावायचा का, हे तिने विचारलं नाही. आपल्या आया असं तोंडाने विचारत नाहीत गं. माझा अंदाज चुकीचाही असेल, पण विचारून बघायला काय हरकत आहे?

तर मी सुचवते ते असं. ऑक्टोबरमध्ये भारतात हॉस्टेलला काम कर, दिवाळी घरी कर, आणि भाऊबीज झाली की नोव्हेंबरच्या मध्यानंतर महिनाभर व्हिएतनामच्या दक्षिण किनाऱ्यावर जा, पैसे देऊन राहणारी पाहुणी म्हणून. डिसेंबरच्या मध्याला परत ये. नव्या नोकरीआधी दोन आठवडे कपडे धुवायला आणि झोप पुरी करायला मिळतील.

भारतात काम करायला तुला कुणाची परवानगी लागत नाही. गोकर्ण, वर्कला, गोवा या सगळीकडे हॉस्टेलं आहेत आणि त्यातली बरीच ऑक्टोबरमध्ये हंगामाची तयारी करत असतात. रंग द्यायचा असतो, पाहुण्यांच्या नोंदणीची व्यवस्था बसवायची असते, कोऱ्या भिंतीवर चित्रं काढायची असतात. त्यांना तेव्हा हात हवे असतात. लोकमान्य टिळक टर्मिनसवरून सुटणारी मत्स्यगंधा ठाण्याला थांबते आणि गोकर्ण रोडला सोडते. नेत्रावती वर्कलापर्यंत जाते. भांडुपहून ठाणं किती लांब? दोन-तीन आठवडे राहा. रात्री अडीचला दारू पिऊन आलेल्या पाहुण्याला दार उघडून द्यावं लागतं, कुणीतरी न्हाणीघर तुंबवलेलं असतं, दहा माणसांच्या डॉर्ममध्ये आपलं एकटेपण कुठे शोधायचं तेही कळतं. आवडलं तर पुढे परदेशातही कर. नाही आवडलं तर रात्रीच्या गाडीने घरी. परदेशात हे कळायला फार खर्च येतो.

तिथेही डोळे झाकून जाऊ नकोस. दिवसाचे तास किती, सुट्टी कुठल्या वारी, रात्रपाळी आहे का, झोपायची जागा पाहुण्यांच्या डॉर्ममध्ये की सामानाच्या खोलीत, तिला आतून कडी आहे का, जेवण दोन वेळा की एकदाच, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घे. फोनवरचं बोलणं विसरलं जातं. आधी काम करून गेलेल्या दोन मुलींचे नंबर माग, मुलींचेच, आणि त्यांना फोन कर. नंबर द्यायला जो का-कू करेल त्याचा नाद सोड. आणि ‘इन्स्टाग्राम सांभाळशील का’ असं विचारलं तर ते २५ तासांत धरलंय की वर, ते स्पष्ट कर. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत सगळ्यात जास्त कुरबूर याच कामाची असते, कारण ते फोनवर होतं आणि म्हणून कुणाला काम वाटतच नाही.

आता व्हिएतनामचा दक्षिण किनारा. तो मला मनापासून सुचवावासा वाटतो. मुंबईहून हो ची मिन्ह सिटीला थेट विमानं आहेत. तिथून फान थिएत आणि त्याला लागून असलेलं मुई ने, बसने काही तासांवर. हा देशातल्या सगळ्यात कोरड्या पट्ट्यांपैकी एक. नोव्हेंबरपासून तिथे उघडीप असते. समुद्र मात्र शांत नसतो, वारा जोराचा, म्हणून त्याच महिन्यांत पतंगाच्या जोरावर लाटांवर घसरणारे काइटसर्फर जगभरातून येतात. तुला पोहत पडून राहायचं असेल तर थोडी निराशा होईल. पण पहाटे मुई नेच्या कोळीवाड्यासमोर उभी राहिलीस तर दोन तास हलणार नाहीस. खाडीभर रंगीत होड्या आणि त्यांच्यामधून फिरणारे गोल टोपलीसारखे मचवे, बांबूने विणलेले, एका वल्ह्याने वळवत नेतात. बायका वाळूवर बसून मासळी निवडतात, भाव करतात, भांडतात. वर्सोव्याला किंवा ससून डॉकला कधी पहाटे गेली असशील तर भाषा कळली नाही तरी भांडण कळेल. फान थिएत माशांच्या सॉससाठी प्रसिद्ध आहे. तो वास पहिल्या दिवशी नाकात बसतो आणि तिसऱ्या दिवशी भूक वाढवतो. संकष्टीला शाकाहारी लागत असेल तर ‘चाय’ (chay, म्हणजे शाकाहारी) लिहिलेल्या पाट्या शोध. तिथले बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार करतात, त्यामुळे अशी खाणावळ बहुतेक गावात सापडते.

फान थिएतला टेकडीवर पो साह इनुचे जुने चाम बुरूज आहेत, समुद्राकडे बघत उभे. तिथून पुढे फान रांगला जा. थाप चाम स्टेशनाजवळच्या टेकडीवर पो क्लोंग गराइचं मंदिर आहे, तेराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचं, विटांचं. दारावर नाचणारा शिव, आत मुखलिंग, म्हणजे चेहरा कोरलेलं शिवलिंग, समोर नंदी. आणि ते नुसतं बघायचं अवशेषाचं ठिकाण नाही. फान रांगच्या आसपास चाम समाजातले हिंदू आजही राहतात, तिथे पूजा करतात, आणि सहसा ऑक्टोबरच्या सुमारास त्यांचा काटे हा मोठा सण तिथेच भरतो. तुझ्या तारखांत तो मिळणार नाही, पण टेकडीवर चप्पल काढून जा. त्याच्याही उत्तरेला न्हा त्रांगमध्ये नोव्हेंबरभर पाऊस असतो, म्हणून तिकडची घाई करू नकोस.

तू भांडुपला स्कूटर चालवत असणार, म्हणून सांगते: तिकडे भाड्याची बाइक घेऊ नकोस. कुणीही देईल, लायसन्स विचारणारही नाही. पण आपल्याकडे मिळणारं आंतरराष्ट्रीय लायसन्स १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचं, आणि व्हिएतनाम मानतं ते १९६८ च्या व्हिएन्ना कराराखालचं. म्हणजे आरटीओतून काढून नेलेलं ते पुस्तक तिथे कामाचं नाही. अपघात झाला तर प्रवासविमा हात वर करू शकतो, कारण वैध लायसन्स नसताना चालवलेल्या गाडीचा दावा विमा कंपन्या सहसा नाकारतात. पन्नास सीसीच्या आतल्या गाडीला तिथे लायसन्स लागत नाही, पण दुकानदार ज्या गाड्या देतो त्या बहुतेक शंभर-सव्वाशेच्या असतात. मुई नेत सायकल पुरते, लांब जायला ग्रॅबची बाइक-टॅक्सी मिळते, आणि शहरांमधलं अंतर रेल्वेने कापता येतं.

आईच्या चादरींबद्दल. यात मी तिच्या बाजूची नाही. चादर बदलण्यात कमीपणा कसला? तिने स्वतः आयुष्यभर केलंय ते, फक्त त्याला काम म्हणून कुणी मोजलं नाही. हे तिला चिडून सांगू नकोस, हसून सांग, एखाद्या दुपारी चहा पिताना.

पण तिच्या दुसऱ्या भीतीला हसण्यावारी नेऊ नकोस. कंबोडिया, लाओस, म्यानमारमध्ये चांगल्या नोकरीचं आमिष दाखवून भारतीय मुलांना नेलं गेलं, पासपोर्ट काढून घेतले आणि ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने त्याबद्दल पुन्हा पुन्हा इशारे दिलेत. ‘टुरिस्ट व्हिसावर ये, बाकी आम्ही बघतो’ हे वाक्य त्या सगळ्या गोष्टींच्या सुरुवातीला असतं. तुझा हॉस्टेलवाला तसा आहे असं मी म्हणत नाही. बहुधा तो साधा धंदेवाईक माणूस असेल. पण आईला तेच वाक्य ऐकू आलं आणि ती घाबरली, तर तिचं काय चुकलं? तू पाहुणी म्हणून, बेडचे पैसे भरून, परतीचं तिकीट काढून गेलीस की त्या भीतीचं मूळ कारणच उरत नाही. मग ग्रुप टूरचं सोंगही लागत नाही, आणि सहारला इमिग्रेशनच्या खिडकीसमोर उभी राहिलीस की फिरायला चालले हे पूर्ण खरं असेल.

तिच्या हातात काय ठेवून जाशील ते आजच ठरव. प्रत्येक हॉस्टेलचं नाव, पत्ता, फोन आणि तारखा एका कागदावर, मराठीत, मोठ्या अक्षरात, फ्रिजला लावून. पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स कपाटात. हनोईतली भारतीय वकिलात आणि हो ची मिन्ह सिटीतला आपला महावाणिज्य दूतावास, दोन्हींचे नंबर त्याच कागदावर. रोज रात्री कितीला फोन करणार ते ठरव आणि ती वेळ पाळ. तिकडे आपल्यापेक्षा दीड तास पुढे असतं, म्हणजे तिची रात्रीची मालिका सुरू व्हायच्या आत तुझं जेवण उरकलेलं असेल. शेजारच्या काकूंना सांगून जा. आणि पासपोर्ट कुठल्याही रिसेप्शनवर ठेवून घेऊ देऊ नकोस. नोंदणीसाठी त्यांना फोटो किंवा स्कॅन पुरतो, हवं तर तू समोर उभी राहून काढू दे.

हॉस्टेलमध्ये काम करत परदेशातला किनारा बघायचा हे स्वप्न मात्र सोडू नकोस. त्याला राजमार्ग आहेत आणि तुझ्या वयाला ते उघडे आहेत. ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा २०२४ पासून भारतीयांना मिळतो. वर्षाला १,००० जागा, सोडतीने, वय १८ ते ३०. त्यावर केर्न्स किंवा बायरन बेच्या हॉस्टेलमध्ये पगार घेऊन उघडपणे काम करता येतं आणि उरलेल्या वेळात किनारा फिरता येतो. ब्रिटनची यंग प्रोफेशनल्स योजना २०२३ पासून आहे. तिथेही सोडत, तेच वय, पदवी हवी, खात्यात २,५३० पौंड दाखवावे लागतात आणि दोन वर्षं राहता येतं. कॉर्नवॉलचा किनारा त्यावर सुखाने बघता येईल. सोडत लागेलच असं नाही, पण नाव टाकायला तुझ्याकडे तीन-चार वर्षं आहेत. नव्या नोकरीत वर्ष-दीड वर्ष झालं की याचा विचार कर.

होई आनच्या हॉस्टेलला आज संध्याकाळीच कळव, ताटकळत ठेवू नकोस. लिही की पर्यटक व्हिसावर मी काम करणार नाही. तुम्ही योग्य परवाना काढून देणार असाल तर पुढे बोलू, नाहीतर फेब्रुवारीत कधीतरी पाहुणी म्हणून येईन. उत्तर आलं नाही तरी वाईट वाटून घेऊ नकोस.

राहिलं एकच. किनारवेडी म्हणून सही करतेस, पण पोहता येतं का ते लिहिलं नाहीस. मुंबईत समुद्राकाठी वाढलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणींना येत नाही. नोव्हेंबरात मुई नेच्या लाटा ओढून नेणाऱ्या असतात, आणि गोकर्णलाही पावसाळ्यानंतर लगेच समुद्र पूर्ण शांत नसतो. सप्टेंबरअखेरपर्यंत वेळ आहे. मुलुंडच्या कालिदासमधल्या तरणतलावाला चौकशी कर, भांडुपहून दोन स्टेशनं. आईलाही विचार, येतेस का म्हणून.